सुरी आणते

पापडी गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मी टीव्हीसाठी एचडीएमआय केबल आणली. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जुन्या वायरवर आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची डीव्हीडी धूसर दिसायची. माझी बायको सिसिलिया देवाघरी गेल्यापासून मला तिचा चेहरा एकदा नीट बघायचा होता.

"पप्पा, सोनेरी पिना बघून भुललात ना?" माझी मुलगी प्रिस्का म्हणाली.

"बघच आता," म्हणत मी होम थिएटर नव्या केबलने टीव्हीला जोडलं आणि त्यात डीव्हीडी लावली.

चित्र लख्ख आलं. याच खोलीत सगळे केकभोवती उभे होते. "थांबा, सुरी आणते," म्हणून सिसिलिया किचनकडे गेली. ही डीव्हीडी मला पाठ आहे. ती लगेच परत येते आणि केक कापते.

या वेळी ती आली नाही. टीव्हीतले सगळे तिची वाट बघत राहिले. चित्र अडकलं नव्हतं. केकवरच्या मेणबत्त्या हळूहळू वितळत होत्या.

मग आमच्या किचनमधला ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. तो ड्रॉवर अडकतो, खालून गुडघा मारावा लागतो. ते फक्त सिसिलियाला जमायचं.

प्रिस्काचा हात केबलकडे गेला. "पप्पा, काढू?"

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "येतेय ती."