पायदान

लढाईमुळं सेलूला पत्रा मिळेनासा झाला होता. माणिकरावांनी लेकीच्या पाठवणीसाठी जुनी मोटार दुरुस्तीला दिली आणि गंजलेल्या पायदानासाठी हैदराबादेहून पत्रा मागवला. म्हाताऱ्या आश्रुबा मिस्त्रीनं तो स्वतःच्या गळक्या छपरावर ठोकला. पायदानाच्या भोकात चिंध्या कोंबून वर लुकणाचा लेप थापला आणि काळा रंग दिला. पाठवणीच्या दिवशी नवरी लीलानं पाय ठेवताच पायदान खचलं, घोटा चिरला. आश्रुबानं धावत जाऊन रुमाल बांधला. “जुना गंज, आश्रुबा. तुझा काय कसूर?” माणिकराव म्हणाले. “काका, आबांची मोटार तुमीच चालती केली,” म्हणत लीला पाया पडायला वाकली. आश्रुबाची मान खाली गेली. “नगं, लेकी. तुमचा पत्रा माझ्या घरावर हाय. इथं चिंध्या भरल्या म्या.” सनई थांबली. लीलानं रुमाल सोडला, त्याच्या हातात दिला आणि ती लंगडत वऱ्हाडाच्या बैलगाडीकडं निघाली.