एक घास आजीला

कपडे वाळत घालून मी आत आले, तर सासूबाई रेवूची वाटी बोटानं निपटून खात होत्या.

दोन वर्षांच्या रेवूचं वजन वाढत नव्हतं. प्रोटीन वाढवा, असं डॉक्टर म्हणाले होते. अंडं ती थुंकायची, चिकनचा तुकडा दिसला तरी ओठ घट्ट मिटायची. म्हणून आज मी शिजलेलं चिकन मिक्सरमधून काढून तिच्या मुगाच्या खिचडीत कालवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. मीच भरवणार होते, पण कपड्यांचं मशीन थांबलं आणि मी वाटी ओट्यावर ठेवून गेले.

सासूबाईंनी आयुष्यात अंडंही खाल्लेलं नाही. तरी मी लग्न होऊन आले, तेव्हा गॅलरीत माझ्यासाठी वेगळी शेगडी त्यांनीच मांडून दिली होती.

दुपारभर मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी त्या वाती वळत बसल्या होत्या, तिथे जाऊन बसले.

"आई, सकाळच्या त्या खिचडीत..."

"पहिल्याच घासाला कळलं मला. गॅलरीतला वास ओळखत नाही होय मी?"

"मग खाल्लीत कशाला?"

"ती एक घास स्वतः खाते, एक मला भरवते. मी तोंड मिटलं असतं, तर तिनंही मिटलं असतं."

त्यांनी वळलेली वात डबीत ठेवली.

"उद्या आणखी बारीक वाट. दातांत अडकतं."