उरलेला घोट

पाद्री लॉरिंत्सनं नाकाला बाही लावली. "बाई, तुझ्या अंगाला त्या आंबलेल्या दुधाचा वास मारतोय."

 पिरोश्काच्या मांडीवरची पोर तापानं फणफणली होती, कालपासून दूध ओढत नव्हती. मंगोलांनी हंगेरीतून पळवून आणल्यापासून आपल्या मुलखाचा, आपल्या धर्माचा माणूस पिरोश्काला आज पहिल्यांदा दिसत होता. तिचं एवढंच मागणं होतं, पोर जायच्या आत तिचा बाप्तिस्मा व्हावा.

"घोडीचं दूध पितेस ना?"

"इथं दुसरं काय मिळतं, फादर? उन्हाळाभर सगळे त्यावरच जगतात."

"मग आपल्या धर्मात निषिद्ध ते पिऊन तू ख्रिस्ती उरलीच नाहीस. आणि ही पोरही त्याच घाणीवर पोसलेली. हिच्या डोक्यावर मी पवित्र पाणी घालू? शी!"

शी म्हणे! मरणाला टेकलेल्या लेकराला बघून शी! पिरोश्काला त्याची किळस आली, पण गरज तिची होती. तिनं त्याचे पाय धरले. त्यानं झगा सोडवून घेतला, तणतणत दाराकडे निघाला, आणि नेमका उंबऱ्यावर पाय देऊन उभा राहिला.

दाराशी बसलेल्या दिरानं, बुरीनं, त्याची मानगूट धरली. "उंबरा तुडवतोस? घरधन्याच्या मानेवर पाय देतोस?" सुरा बाहेर आलासुद्धा.

"थांब रे मेल्या," सासू चुलीपासून ओरडली. "परका आहे, त्याला काय कळतंय! घरचं दूध प्यायला तर घरचा झाला, घरच्याला माफ. नाही प्यायला, तर मग तुझं तू बघ." तिनं वाडगा भरला, बोट बुडवून थेंबभर आभाळाकडे उडवलं आणि वाडगा पुढे केला.

पिरोश्कानं सगळं पाद्र्याला त्याच्या भाषेत सांगितलं. आता हा काय करतो, ते तिला बघायचंच होतं.

त्यानं वाडगा जवळजवळ हिसकावलाच. घटाघटा प्यायला. दाढीतून फेस गळत होता. मग ढेकर दिला, मिशा चाटल्या आणि बुरीकडे बघून लाचार हसला. बुरीनं सुरा म्यान केला.

"जिवावर बेतल्यावर देव माफ करतो," पाद्री पिरोश्काच्या कानाशी पुटपुटला. तोंडाला तोच आंबूस वास. "कुणाला बोलू नकोस हं. आण ती पोर, उरकून टाकतो."

दाढी पुसलेला चिकट हात पोरीकडे आला. पिरोश्कानं पोर छातीशी ओढून घेतली.

"हात लावायचा नाही तिला!"

तिनं त्याच्यापुढचा वाडगा उचलला. तळाशी घोटभर उरलं होतं. त्यात बोट बुडवून तिनं पोरीच्या तापल्या कपाळावर क्रूस काढला. "पित्याच्या, पुत्राच्या..." पुढचे शब्द तिला रडत रडतच म्हणावे लागले.

"अगं बये, काय करतेस हे!" पाद्री किंचाळला. "कशानं करतेस!"

सासूनं चुलीपासून मान वळवली. "काय म्हणतोय गं तो? आणखी हवंय का त्याला?"