लोकरी सपाता

एल्ब नदीकाठच्या राजवाड्यातली लाकडी जमीन आरशासारखी लखलखायची, आणि पाहुण्यांना राजवाडा दाखवणाऱ्या हिल्ट्रूडला त्या जमिनीचा कोण अभिमान.

"इथे राजालाही बुटांवर लोकरी सपाता चढवाव्या लागायच्या," तिने पाहुण्यांना ऐकवलं.

"आणि नदीला पूर आला तर?" एका म्हाताऱ्याने चिडवलं.

"तिलाही घालायला लावीन."

सगळे हसले आणि हसता हसता जमिनीकडे पाहू लागले. बागेकडच्या कुलूपबंद दारापासून ओल्या, अनवाणी पावलांचे ठसे पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपातांच्या टोपलीपर्यंत आले होते. पुढची जमीन कोरडी होती.

हिल्ट्रूडच्या पाठीमागे लोकर लाकडावर घासू लागली. समोरचे पाहुणे तर जागचे हलले नव्हते.

तिने मान ताठ केली. "पाय उचलायचे नाहीत," मागे न वळता ती म्हणाली. "घासतच चालायचं."

पावलं अदबीनं घासत आली आणि तिच्या टाचांपाशी थांबली. तिचे मोजे ओले होऊ लागले.