देव पाण्यात

पितळेचा गणपती पातेल्यात बुडेना. मुकुट वर राहत होता. शंतनूने आणखी एक तांब्या ओतला, मुकुट पाण्याखाली गेल्याची खात्री केली आणि डोळे मिटून मनात म्हणाला, ‘तो पक्ष निवडून आण. त्याशिवाय बाहेर काढणार नाही.’ देवाशी असं बोलायची त्यांच्या घराण्याची पद्धतच होती. त्याची आई संकटात देव पाण्यात घालायची, आणि काम झालं तरच बाहेर काढायची.

तो पक्ष नेदरलँड्सचा होता. शंतनू राहत होता न्यू जर्सीत, पार्सिपनीला. नेदरलँड्समध्ये त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण बाहेरून आलेल्यांना हाकला म्हणणाऱ्या त्या पक्षाची भाषणं तो गेला महिनाभर भाषांतर करून वाचत होता, आणि वाचून त्याला शांत झोप लागत होती. कारण नेदरलँड्समध्ये कृष्णा राहत होता.

पुण्यात दोघं एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या खुर्च्यांवर. दोघांनी अमेरिकेच्या व्हिसासाठी एकदमच अर्ज केला. लॉटरीत शंतनूचं नाव लागलं, कृष्णाचं नाही. कंपनीने कृष्णाला नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला पाठवलं. निघताना तो रडवेला झाला होता. शंतनूने त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं होतं, “अरे, युरोपही काही वाईट नाही.” आयुष्यात इतकं समाधान देणारं वाक्य त्याने पुन्हा उच्चारलं नाही.

त्याला आता पंधरा वर्षं झाली. कृष्णा पाच-सहा वर्षांतच तिकडचा नागरिक होऊन बसला. शंतनू अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत होता. कृष्णा मनात आलं की स्पेनला जाऊन यायचा. शंतनूला भारतात लग्नाला जायचं तरी आधी वकिलाला विचारावं लागे. हेही त्याने सोसलं असतं. पण मागच्या निवडणुकीत कृष्णाने फोटो टाकला होता. सायकल, रेनकोट, आणि मतदान केंद्रात हातात धरलेली तांबडी पेन्सिल. तिकडे म्हणे तांबड्या पेन्सिलीने मत देतात. शंतनूने फोटो मोठा करून ती पेन्सिल बराच वेळ पाहिली. पंधरा वर्षांत त्याने कुठेच मत दिलं नव्हतं; भारतात जाणं जमत नव्हतं, अमेरिकेत अधिकार नव्हता. फोटोला त्याने बदाम दिला.

संध्याकाळी सुवर्णाने देवघरात पातेलं पाहिलं. नवऱ्याला तिने काही विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले.

त्यांची मुलगी अनन्या फेब्रुवारीत एकवीस वर्षांची होणार होती. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही, तर आईबापांच्या अर्जातून तिचं नाव गळणार होतं. पाचव्या वर्षी इथे आलेल्या मुलीला मग या देशात राहण्यासाठी स्वतःचा व्हिसा शोधावा लागणार होता. नाहीतर परत जायचं होतं अशा देशात, जिथे ती आजवर फक्त सुट्टीला गेली होती आणि दर वेळी पोट बिघडवून आली होती.

“तू बोलत नाहीस, पण तुला किती लागलंय ते कळलं मला,” सुवर्णा म्हणाली.

शंतनू ‘हं’ म्हणाला. ग्रीन कार्ड त्याने देवाकडे पंधरा वर्षं मागितलं होतं. हे काम त्या मानाने सोपं वाटलं होतं. आणि एका पातेल्यात दोन मागण्या कशा घालणार?

दुसऱ्या दिवसापासून सुवर्णाने भात सोडला. रोज सकाळी ती पातेल्यातलं पाणी बदलायची. थंडी पडली तशी कोमट घालायला लागली.

निवडणूक बुधवारी होती. तिकडे रात्री मतदान संपलं, तेव्हा पार्सिपनीत दुपारचे तीन वाजले होते आणि शंतनू घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. पहिला अंदाज आला. तो पक्ष सगळ्यांच्या पुढे होता. शंतनूने माइक बंद केला, देवघरात गेला आणि बोलल्याप्रमाणे गणपती बाहेर काढला. पुसला, गंध लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं, साखर ठेवली. मग आपल्या खोलीत परत येऊन, आवाज पुरेसा खाली आणून कृष्णाला फोन लावला.

“कृष्णा, बघितलं रे आत्ता. फार वाईट वाटलं. धीर सोडू नकोस.”

“वाईट कसलं, यार? मीच दिलं की मत त्यांना,” कृष्णा म्हणाला. “काय लोंढे यायला लागलेत इकडे, तुला कल्पना नाही. पोरांना घरं मिळेनात. हिमानीने तर देव पाण्यात घातले होते. आत्ताच काढले बाहेर.”

बायकोने देव पाण्यात घालावेत आणि नवऱ्याने तांबडी पेन्सिल चालवावी, म्हणजे कृष्णाकडे दोन्ही होतं.

“तुझं काय? आलं का कार्ड?”

“येईल.”

“येईल रे. आणि नाही आलं तरी,” कृष्णाच्या आवाजात माया होती, “इंडियाही आता काही वाईट नाही.”

फोन ठेवल्यावर शंतनू तसाच बसून राहिला. तिकडची पेन्सिल, तिकडचा पक्ष, आणि आता त्याचं स्वतःचं वाक्यसुद्धा कृष्णाने नेलं होतं. दार वाजलं, सुवर्णा कामावरून आली, चपला काढून नेहमीसारखी आधी देवघराकडे गेली, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. किराणा मालाची पिशवी खाली पडल्याचा आवाज झाला तेव्हा तो उठला.

तो पोहोचेपर्यंत तिने अनन्याला फोन लावलेला होता. एका हाताने ती डोळे पुसत होती, दुसऱ्या हाताने फोन धरत होती, आणि तिला बोलता येत नव्हतं. पलीकडून अनन्या घाबरून विचारत होती, “आई? व्हॉट हॅपन्ड? आई, से समथिंग.”

“अनू,” सुवर्णा म्हणाली, “आलं गं. बाबांनी बाप्पाला बाहेर काढलंय.”