सात नंबरची काठी

परेराबाईंना मूठमाती द्यायला त्यांच्या नवऱ्याचीच कबर उकरायला घेतली होती. शवपेटीच्या जरा वर कोंडिबाची कुदळ कशाला तरी अडली. त्यानं हातानं माती सारली आणि बिलियर्डची एक काठी बाहेर काढली.

दौंडच्या रेल्वे क्लबाचे सेक्रेटरी जयसिंगराव तिथंच उभे होते. त्यांनी काठी मार्करच्या हातात दिली. मार्कर म्हणजे क्लबातलं टेबल सांभाळणारा, गुण मोजणारा चांगदेव.

"बघ रे, आपली आहे का?"

विचारायला कारण होतं. क्लबातल्या काठ्यांना पाय फुटायचे. त्या वर्षी आणीबाणी होती आणि जयसिंगरावांना शिस्तीचा ज्वर चढला होता. त्यांनी एकूणएक काठीवर नंबर घालायला लावला. वर घातलेला नंबर चोर तासून टाकतो, म्हणून चांगदेवनं बुडाचं रबर काढून आतल्या लाकडावर तापल्या सळईनं आकडे डागले आणि रबर परत बसवलं. जागा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. तरी गेल्या आठवड्यात सहा आणि सात नंबरच्या काठ्या गेल्याच. कुलूप जसंच्या तसं.

सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, चांगदेवचा धाकटा भाऊ बन्सी. क्लबाची खिडकी न् खिडकी त्याला माहीत. परेरासाहेब इंजिन ड्रायव्हर. ड्यूटीवरून उतरले की त्यांना खेळायला बन्सीच लागायचा, आणि दोघांच्या हाती कायम याच दोन काठ्या. साहेब वारले आणि महिनाभरात बन्सी गाडीत बसून गेला तो गेलाच. पाच वर्षं झाली, त्याचा ठावठिकाणा नाही. आता तो परत आलाय, भावाच्या आसऱ्यानं लपलाय, असं लोक बोलू लागले. काठ्या मिळाल्या नाहीत तर चांगदेवची नोकरी जाणार होती.

चांगदेवला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची आई चांगुणा मात्र उजळली. बन्सी गेल्यापासून अंथरूण धरलेली बाई उठून दारात बसू लागली.

"चोर म्हनू देत," ती म्हणायची. "चोऱ्या करतोय म्हंजी जिता हाय माझा बन्सी."

चांगदेवनं पाठ फिरवली आणि काठीचं रबर उचकटलं. आत त्याच्याच हातचा सात होता. डाग इतका ताजा की जळक्या लाकडाचा वास आला. खेळताना टोकाला लावतात तो निळा खडू बोटाला लागला. त्यानं कबरीत पाहिलं. माती पाच वर्षांत दगडासारखी बसलेली. बाभळीची मुळं तिच्यातून आरपार गेली होती, ती कोंडिबानं आत्ता कुऱ्हाडीनं तोडली होती. गेल्या आठवड्यात काय, मधल्या पाच वर्षांत तिथं कुणी ढेकूळही हलवलं नव्हतं.

भर दुपारी त्याच्या अंगावर काटा आला. पण जीव हलकाही झाला. हा आकडा दाखवला की नोकरी वाचली. बन्सीवरचा आळही गेला; काठी साहेबांनीच नेलेली, आणि मेलेल्या माणसावर चोरीचा आळ कोण घेणार?

मग त्याला सहा नंबरची काठी आठवली.

एकट्यानं डाव होत नाही. समोर कुणीतरी लागतं. परेरासाहेबांना कोण लागायचं, ते अख्ख्या दौंडला ठाऊक होतं. आईलाही.

चांगदेवला तिथंच गुडघ्यात डोकं घालून रडावंसं वाटलं.

"काय रे, बोल की," जयसिंगराव म्हणाले.

"आपली न्हाई, सायेब. त्यांची सोताची आसंल. बाईंनी ठिवली आसंल संगं."

त्यानं रबर दाबून बसवलं आणि वाकून काठी परत कबरीत सोडली.

घरी चांगुणा दारातच बसली होती.

"गावला का रं चोर?"

"न्हाई गावला," चांगदेव म्हणाला. "पर बन्सीच हाय, आये. म्या सोता बगितला त्याला पळताना."