वरून की खालून

आमचे दोन जुने संगणक आज कायमचे बंद होणार होते आणि निरोपाला आम्हा नवराबायकोला बोलावणे होते. लग्नाआधी माझ्या कचेरीतला संगणक तारेवरून तिच्या कचेरीतल्या संगणकाला हिशेब विचारी आणि उत्तरातला आकडा उलटा येई. ‘चूक तुमच्याकडची!’ असे आम्ही फोनवर एकमेकांना ऐकवत राहिलो. अखेर भांडायला ती समक्ष आली आणि मला बटणांचा स्वेटर घालताना पाहून थबकली. ‘तुम्ही बटणं वरून लावता, मी खालून. आपले संगणकही आकडा तसेच वाचतात, एक पुढून, एक मागून!’ हल्ली दुखण्याने माझी बोटे थरथरत, तरी तिची मदत मी घेत नसे. आज निघताना मी स्वेटरची बटणे वरून चाचपडत लावत होतो. तिने न विचारता खालून लावायला घेतली. मध्यावर एक बटण बिनकाजाचे उरले. ‘चूक तुमच्याकडची,’ ती म्हणाली. ‘असेल,’ मी प्रथमच कबूल केले आणि हात खाली घेतले.